आधी खोका, मग ससा

आज सशांच्या खेळण्यांबद्दल लिहायचं आहे. आधी हसून घ्या. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढणाऱ्या माणसाने शनिवारी सकाळी कात्री घेऊन पुठ्ठा कापत बसावं, हे आमच्या घरातसुद्धा अजून पुरतं पचलेलं नाही. "एवढा इंजिनिअर झाला अन् सश्याले खोकी बनवून राह्यला," असं शेजारचे काका गॅलरीतून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. म्हणू देत. काकांचा प्रश्न मात्र रास्त आहे. सशाला खेळणं लागतंच कशाला? खायला दिलं, पाणी दिलं, पिंजरा झाडला, संपलं की!

माझं म्हणणं असं की संपत नाही. दुसरं म्हणणं असं की ते खेळणं विकत आणायचं नाही, घरीच करायचं, आणि तेही जवळजवळ फुकटात. तिसरं म्हणणं जरा कडू आहे, ते शेवटी सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. आम्ही राहतो गांधीबागेत, कापड मार्केटच्या मागच्या अंगाला. घर जुनं, कुटुंब एकत्र. नोकरी आयटीतली, त्यातले तीन दिवस घरूनच काम. दोन वर्षांपूर्वी ओळखीतलं एक कुटुंब नागपूर सोडून चाललं होतं, त्यांच्याकडचे दोन ससे कुणीतरी घ्यावेत अशी शोधाशोध चालू होती. माझी पुतणी तेव्हा सात वर्षांची, आणि घरात व्हेटो फक्त तिच्याकडे. त्यामुळे ससे आले. नावं तिनेच ठेवली, सांबार आणि वडी. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि सांबारवडी ही काय चीज आहे ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. दोघांचीही ऑपरेशनं झालेली आहेत, त्यामुळे दोनाचे बारा होण्याची भीती नाही.

आता मुद्द्यावर येऊ. मला वाटतं सगळा घोळ 'ससा' या शब्दापासून सुरू होतो.

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. एक आपल्या शेतातला, माळरानावरचा, मातकट रंगाचा, लांब टांगांचा. तो बीळ करत नाही. गवतात नुसता खळगा करून बसतो, आणि धोका दिसला की सुसाट पळतो. त्याची पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि डोळे उघडे अशी तयार होऊन येतात. कासवाशी शर्यत लावणारा आणि सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा आपल्या गोष्टीतला ससा तो हाच. हा वन्यप्राणी आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, घरी ठेवता येत नाही.

आणि दुसरा, पेट शॉपमधला. पांढरा, काळा, चट्ट्यापट्ट्याचा, कान पडलेला, कसाही असो. या सगळ्या जाती मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या एका सशापासून आल्यात. तो जमिनीखाली बोगदे खणून, टोळीने राहणारा प्राणी. त्याची पिल्लं बिळात जन्मतात, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. म्हणजे एक मोकळ्या रानातला धावपटू आणि दुसरा बोगदा खणणारा मजूर. नाव एकच, पण कारभार पूर्ण वेगळा.

आणि मजूर तरी कसला! १८५९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून मागवलेले दोन डझनाच्या आसपास ससे आपल्या जमिनीवर सोडले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांच्या वंशजांनी एवढा मुलूख व्यापला की त्यांना थोपवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात अठराशे किलोमीटरहून लांब कुंपण घालावं लागलं. १९०७ मध्ये ते पुरं झालं, आणि तरी ससे पलीकडे पोचलेच. ज्या प्राण्याच्या अंगात हे एवढं काम भरलेलं आहे, त्याला आपण दोन फूट बाय दीड फुटाच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसवतो. मग म्हणतो, "किती शांत आहे नाही!" अहो, तो शांत नाही. त्याला करायला काही नाही.

म्हणून सशाचं खेळणं म्हणजे काय, तर त्याचं हिरावलेलं काम त्याला थोडंसं परत देणं. त्याची कामं पाचच. कुरतडणं, खणणं, लपणं, वस्तू उचलून फेकणं आणि वासावरून खाणं शोधणं. यातलं एखादं तरी करता येत असेल तर ते खेळणं. नसेल तर ती आपली शोभेची वस्तू.

कुरतडण्याबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. सशाचे दात जन्मभर वाढतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. शाळेतली फुटपट्टी आठवा, तिचा एक तृतीयांश! पण त्यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की लाकडाचा तुकडा दिला की काम झालं. नाही होत. दाढाही वाढत असतात, आणि दाढा झिजतात त्या गवत आडवं-आडवं दळल्याने, लाकूड चावून नाही. म्हणून सशाच्या खाण्यात मुख्य वाटा गवताचाच, सुक्या आणि ओल्या. आणि सगळ्यात चांगलं खेळणं ते, ज्यात गवत भरता येतं. हा नियम एकदा कळला की पुढचं सगळं सोपं आहे.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. गुलाबी प्लास्टिकचा बॉल, त्यात घुंगरू. रंगीत दोरीला टांगलेले रंगीत लाकडी मणी. हॅमस्टरसाठी असतं तसं तारेचं चाक. किमती शंभरापासून पुढे पाहिजे तेवढ्या. यातलं प्लास्टिक कुरतडून पोटात जातं. रंग कशाचा आहे ते कुणी सांगत नाही. तारेच्या चाकाने पाय दुखावतात, कारण सशाच्या तळपायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात.

मग असल्या वस्तू विकल्या का जातात? आमच्या धंद्यात याचं उत्तर रोज दिसतं. सॉफ्टवेअर विकत घेणारा साहेब वेगळा आणि दिवसभर ते वापरणारा कारकून वेगळा. डेमो साहेबाला दाखवायचा असतो, त्यामुळे डॅशबोर्ड झकपक, आणि कारकुनाला एक नोंद करायला अकरा क्लिक. पेट शॉपचं तसंच आहे. पैसे माणूस देतो, म्हणून खेळणं माणसाच्या डोळ्याला आवडेल असं बनतं. सशाला कुणी रिक्वायरमेंट विचारलेलीच नाही. विचारली असती तर तो म्हणाला असता, "भाऊ, तो बॉल राहू द्या, ज्या खोक्यात तो आला तो खोका द्या!"

आणि खोक्यांच्या बाबतीत गांधीबागेसारखं गाव नाही. होलसेल कापडाचा बाजार म्हणजे पुठ्ठ्याची खाणच. कापडाचे तागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या जाड नळ्या, साड्यांची खोकी, शर्टांच्या आतले पुठ्ठे. संध्याकाळी शटर खाली यायच्या सुमारास प्रत्येक दुकानासमोर त्याचा ढीग असतो. एका दुकानाच्या शेठजींना मी पहिल्यांदा नळ्या मागितल्या तेव्हा त्यांना वाटलं मी पोरीच्या शाळेचा प्रोजेक्ट करतोय. सशासाठी म्हटल्यावर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग नोकराला हाक मारून म्हणाले, "अरे, भैया को अच्छेवाले छांट के दे." तेव्हापासून अच्छेवाले मिळतात. :)

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा ढीग बेवारस नसतो. कबाडीवाले आणि पुठ्ठा वेचणाऱ्या बाया त्यावर पोट भरतात. त्यामुळे चार नळ्या आणि दोन खोकी घ्यायची, सगळा ढीग उचलायचा नाही. आणि वेचणारी समोर असेल तर तिच्या हातावर दहा रुपये ठेवायचे. माझ्या खेळण्यांचा सगळ्यात मोठा खर्च तो हाच आहे.

आता कृती. आमच्या घरात टिकलेल्या, म्हणजे सशांनी मंजूर केलेल्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली पुंगळी. ताग्याची नळी करवतीने चार-चार इंचांवर कापायची. वरचा चिकट कागद, लेबल, टेप सगळं सोलून काढायचं. आत सुकं गवत ठासून भरायचं, दोन्ही तोंडांतून बाहेर येईल इतकं, आणि मध्ये कुठेतरी सांबाराच्या दोन काड्या लपवायच्या. सशाला नाकासमोरचं नीट दिसत नाही, डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे बरोबर तोंडापुढची जागा त्याच्या नजरेबाहेर राहते. तो शोधतो वासावर आणि मिशांवर. त्यामुळे ही पुंगळी म्हणजे त्याच्यासाठी कोडं असतं. ती ढकलतो, उभी करतो, गवत उपसतो, शेवटी नळीच फाडतो. पिल्लू असेल तर नळी उभी चिरून घ्यावी, म्हणजे डोकं अडकायची भीती नाही.

दुसरं घर. साड्यांचं मोठं खोकं उपडं घालायचं आणि त्याला दारं कापायची. दारं दोन हवीत, एक नाही. बिळाला मागचं दार असतं. एकाच दाराच्या खोक्यात ससा स्वतःला कोंडल्यासारखा समजतो आणि आत जात नाही. लोक म्हणतात, "आमच्या सशाला घर आवडत नाही." त्याला घर आवडतं हो, सापळा आवडत नाही.

तिसरी खाण. उथळ पण मोठ्या खोक्यात फाडलेली वर्तमानपत्रं, धानाचं तणीस आणि सुकं गवत भरायचं, तळाशी थोडा पाला लपवायचा. वर्तमानपत्राचा साधा कागदच घ्यावा, पुरवणीचा चकचकीत नको. भंडारा-गोंदियाकडून येणारं तणीस आपल्याकडे मिळायला सोपं. खाणं म्हणून त्यात फार दम नाही, पण खणायला एक नंबर. वडी यात अर्धा-अर्धा तास असते. बाहेर निघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर प्रोजेक्ट वेळेत डिलिव्हर केल्याचे भाव असतात.

चौथं फेकाफेकी. स्टीलच्या दोन-तीन जुन्या वाट्या एकात एक रचून ठेवायच्या. ससा दाताने धरून त्या उचलतो आणि भिरकावतो. का, ते त्यालाच माहीत, पण खूश असतो. धोका एकच, ससे पहाटे आणि संध्याकाळी जास्त जागे असतात. पहाटे पाचला फरशीवर वाटी पडल्याचा आवाज जुन्या घरात कसा घुमतो ते आमच्या आईला विचारा. रात्री वाट्या उचलून ठेवायच्या, असा आता घरचा ठराव आहे.

पाचवी टोपली. बुरडाकडची साधी बांबूची परडी, रंग किंवा पॉलिश नसलेली. उपडी घातली तर खाली लपता येतं, सुलटी ठेवली तर गवत भरता येतं, आणि शेवटी कुरतडून खाताही येते. सोबत जांबाच्या फांद्या. जांब म्हणजे पेरू, पुण्यातल्या वाचकांनी जांभळाचं झाड शोधू नये. तुतीची काडीही चालते. आणि गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या विकायला बसणाऱ्या मावशींकडून दोन जुड्या जास्त घ्यायच्या. सशाला दूर्वा म्हणजे हरळीच, आणि ती त्याला फार आवडते.

काय नको, तेही सांगतो, कारण स्वस्ताच्या नादात इथेच नुकसान होतं. टेप, स्टेपलच्या पिना आणि नायलॉनची पॅकिंग पट्टी एकही राहता कामा नये. कापडाच्या चिंध्या गांधीबागेत पोत्याने मिळतात, पण त्या द्यायच्या नाहीत. धागे गिळले तर आतड्यात अडकतात, आणि सशाला उलटी करता येत नाही. थर्माकोल नको. प्लायवूड नको, त्यात गोंद असतो. लकडगंजातल्या आरामशीनचा भुसा फुकट मिळाला तरी नको, कुठल्या लाकडाचा ते कळत नाही आणि धूळ नाकात जाते. कण्हेरीची फांदी तर चुकूनही नको, ती विषारी. संत्र्याची जुनी लाकडी पेटी दिसायला छान असते, पण तिचे खिळे एकेक करून काढायची तयारी असेल तरच घ्यावी.

आणि नागपूरचा उन्हाळा! यावर वेगळा लेख होईल. ससा घामाने गार होत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो. पारा २८-३०च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा खेळणं म्हणजे गारवा. पाझरणारा जुना माठ आडवा ठेवला की झाली गुहा, फक्त काठ फुटका असेल तर घासून घ्यायचा. जुन्या घराची दोन कवेलू पाण्यात भिजवून ठेवली की बसायला गार पाट. बाटलीत पाणी गोठवून, सुती कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली की दोघंही तिला टेकून पडतात. ते कापड चावत नाहीत ना, एवढं बघायचं. अर्थात हे सगळं कूलरच्या खोलीत, कूलरच्या जोडीला. गच्चीवर ससे ठेवून माठ देणं म्हणजे वणव्यात पाण्याची बाटली देण्यासारखं आहे.

आता काका म्हणतील, हे सगळे लाड झाले. लाड नाहीत, याचं एक उदाहरण देतो.

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे, कारण रानात आजारी दिसला तो पहिला मेला. त्यामुळे तो आजारी आहे हे कळेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. त्यात त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर आतडी मंदावतात, आणि ती इमर्जन्सी असते, "उद्या बघू" म्हणायची गोष्ट नसते. मागच्या जुलैत एके दिवशी सकाळी वडीची पुंगळी जशीच्या तशी. गवत ठासलेलं, सांबार आत. तिच्याकडे पाहून काहीच कळत नव्हतं, नेहमीसारखी बसलेली. पण रात्रभरात पुंगळी फोडली नाही असं आधी कधी झालं नव्हतं. पुतणीनेच आधी पाहिलं. "काका, वडीनं होमवर्क नाही केला." लेंड्या पाहिल्या तर जवळजवळ नव्हत्याच. तासाभरात आम्ही पशुवैद्यांकडे. पोट मंदावलेलं होतं. औषध, पाणी, सिरिंजने भरवणं, दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी पुंगळी फाडली.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडायच्या आधी अलर्ट यावा म्हणून कंपन्या वाट्टेल तेवढे पैसे मोजतात. इथे चार इंचांच्या पुठ्ठ्याने तेच काम केलं. पिंजऱ्यात नुसती खाण्याची वाटी असती तर ती तशीही अर्धी भरलेली राहते, कुणाचं लक्ष गेलं असतं? खेळणं रोज भरलं जातं, रोज फुटतं, आणि रोज कुणीतरी ते बघतं. खेळणं स्वस्त असणं महत्त्वाचं आहे ते यासाठी. महागाचं खेळणं आपण जपतो, 'टिकलं पाहिजे' म्हणतो. सशाच्या बाबतीत उलटं आहे. खेळणं मोडलं म्हणजे ससा ठीक आहे. न मोडलेलं खेळणं दिसलं की काळजी करायची.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर ससा पाळताच कशाला? हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. आणि माझं तिसरं, कडू म्हणणं तेच आहे.

ससा हा 'स्वस्त आणि सोपा' प्राणी म्हणून विकला जातो. कुत्रा परवडत नाही, भुंकतो, फिरवावा लागतो. त्यापेक्षा ससा बरा, वाढदिवसाला देता येतो, टोपलीत मावतो. २०१८ पासून पेट शॉपसाठी केंद्र सरकारचे नियम आहेत, दुकानाची नोंदणी लागते. पण घरी नेल्यावर त्या सशाचं काय होतं, हे बघायला कुठलाच नियम येत नाही. नीट ठेवला तर ससा आठ-दहा वर्षं, कधी जास्तही जगतो. म्हणजे दुसरीतल्या पोराच्या वाढदिवसाला आणलेला ससा त्याच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत घरात असणार! पोराची हौस मात्र दोन महिन्यांत फिटते. मग ससा गॅलरीत जातो, गॅलरीतून गच्चीवर, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "अंबाझरीकडे नेऊन सोडून दे, तिथं हिरवळ आहे." पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेला पांढराशुभ्र ससा कुत्र्या-मांजरांपुढे तिथे किती टिकणार? त्याला सोडणं म्हणजे मोकळं करणं नाही, मारणंच आहे ते, फक्त आपल्या डोळ्यांआड.

आपण नागपूरकर लाकडी खेळण्यांचे मोठे शौकीन. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात, बोजारा गोळा करतात. संध्याकाळी तो बैल माळ्यावर जातो, आणि पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खाली येतो. वर्षभर त्याला कुणी विचारलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण तो लाकडाचा आहे. खरी गडबड इथेच होते, आपण सशालाही त्याच बैलाच्या हिशेबात आणतो. आणि ज्याला आपण खेळणं समजून आणलं, त्याला पुन्हा खेळणं लागतं, हे ऐकून आपल्याला हसू येतं. काकांच्या हसण्याचं कारण हेच असावं.

म्हणून माझा एक साधा प्रस्ताव आहे. घरातलं पोर ससा मागत असेल तर लगेच नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. म्हणा, आधी खोका, मग ससा. एक महिना रोज संध्याकाळी एक खेळणं बनवायचं. नळी कापायची, टेप सोलायची, गवत भरायचं. सकाळी ते रिकामं करायचं, जागा झाडायची, संध्याकाळी पुन्हा भरायचं. ससा नसताना! परीक्षा असली तरी, मॅच असली तरी, पाहुणे आले तरी. खर्च शंभर रुपयांच्या आत. महिन्याच्या शेवटी पोर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईबाप, अजून हे करत असतील तर त्यांनी खुशाल ससे आणावेत. एक नाही, दोन, कारण हा टोळीतला प्राणी आहे आणि माझी कुठलीच पुंगळी दुसऱ्या सशाची बरोबरी करू शकत नाही. आणायच्या आधी ससे हाताळणारा पशुवैद्य शोधून ठेवावा, आणि नर-मादी असतील तर ऑपरेशनचं बघावं, कारण मादी महिन्याभरात वितेही.

आणि चौथ्याच दिवशी कंटाळा आला तर? फारच उत्तम. एका सशाची आठ-दहा वर्षं वाचली, तीही पुठ्ठ्याच्या भावात. पोराला रागवायचं कारण नाही. आपल्याला हे जमणार नाही, हे त्याला कुणाचा जीव टांगणीला न लावता कळलं. मोठ्यांनाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

ज्यांच्या घरी ससा आधीपासूनच आहे, त्यांना मात्र परीक्षेची सोय नाही. त्यांनी आजच सुरुवात करावी. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं खोकं घरात पडलेलं असेलच. टेप काढा, दोन दारं कापा, आत मूठभर गवत टाका आणि दिवे मंद करून लांब बसा. पहिले दोन दिवस तो नुसता वास घेऊन परत जाईल. तिसऱ्या दिवशी खोक्याचा कोपरा गायब असेल.

नळ्या हव्या असतील तर गांधीबागेत शटर पडायच्या वेळी या. शेठजींना सशासाठी म्हणून सांगा, आता ते हसत नाहीत. आणि वेचणाऱ्या मावशींचे दहा रुपये विसरू नका.